प्रागला खुशाल जा, तिसरा हप्ता मात्र भरू नका

म्युनिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मास्टर्स संपवून नोकरीला लागून आठ महिने झाले. हातात महिन्याला २,९०० युरो येतात. पुण्याच्या कॉलेजातले पाच जण शुक्रवार ते सोमवार प्रागला भेटायचं म्हणताहेत, माणशी ४५० युरो खर्च येईल. ‘जाऊ की ते पैसे एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या दरमहा गुंतवणुकीत) टाकू?’ एवढाच प्रश्न.

पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी चार ओळी आहेत. शैक्षणिक कर्ज २७ लाखांचं होतं, ते व्याजासकट ३४ लाख झालं, दर साडेअकरा टक्के, ४८ हजारांचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. ‘पण त्याचं टेन्शन नाही. कर्ज घेतलं तेव्हाच बाबांच्या मित्राने विम्याचा एक गॅरंटीड प्लॅन घेऊन दिला. वर्षाला ३ लाख, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी हमखास ४८ लाख. दोन हप्ते भरून झाले. शिवाय रुपया घसरतोच आहे, त्यामुळे कर्ज आपोआप हलकं होईल.’

आधी विचारलेल्याचं उत्तर देतो. जा. युरो हिशेबापुरता १०० रुपयांचा धरला तर ४५ हजार रुपये झाले. तुमच्या कर्जावर आज रोज हजारावर व्याज चढतं आहे, म्हणजे या सहलीची किंमत सुमारे दीड महिन्याचं व्याज. वर्षातून एकदा जुन्या मित्रमंडळींसाठी एवढा खर्च कुणालाही बुडवत नाही.

फक्त दोन गोष्टी. पाचातला एक जण डब्लिनहून येणार आहे. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमच्या जर्मन परवान्यावर तुम्ही सहज जाल, त्याला मात्र भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा काढावा लागेल. त्याची फीच ९० युरो. तो हातात येईपर्यंत अपार्टमेंट रद्द करता येईल असंच घ्या. नाहीतर त्याचा वाटा चौघांच्या डोक्यावर, आणि बुकिंग तुमच्या कार्डावर असल्याने आधी तुमच्याच. दुसरं, तिथे युरो नाही, कोरुना चालतो. एका युरोला चोवीस-पंचवीस मिळायला हवेत. एटीएम किंवा कार्डाचं मशीन ‘युरोमध्ये रक्कम कापू का?’ असं विचारेल, तिथे नाही म्हणायचं. जुन्या शहराच्या चौकाभोवतालच्या, पैसे बदलून देणाऱ्या काउंटरांपासून लांब राहा. फसलातच, तर पावती जपून ठेवा. १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क तिथला कायदा देतो.

सहलीचं एवढं पुरे. आता त्या चार ओळी.

कर्ज साडेअकराने वाढतंय आणि ते फेडायला घेतलेली योजना किती देते? ३ लाखांचे दहा हप्ते आणि पंधराव्या वर्षी ४८ लाख, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. कागदावर ‘३० लाखांचे ४८ लाख’ असं छापलं की भरघोस वाटतं, म्हणूनच ते तसं छापतात. बरं, कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून आणि पैसे मिळणार तेरा वर्षांनी! मधली तेरा वर्षं हप्ते कोण भरणार, हे त्या मित्राने सांगितलं का? अंगावर साडेअकरा टक्क्यांचं कर्ज असलेल्या घरात जाऊन साडेचार टक्क्यांची योजना विकणाऱ्याला मी सल्लागार म्हणत नाही. बाबांनी पहिला हप्ता स्वतःची गुंतवणूक मोडून भरला असं तुम्ही लिहिता. वाचून चिडचिड झाली.

‘पण ६ लाख भरलेत, ते कसे सोडू?’ हा पुढचा प्रश्न येणारच. समजा सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मधेच मोडून, त्यातले २ लाख परत आले आणि ४ लाख बुडाले. आता मागचं विसरून पुढचंच बघा. हे २ लाख तिथेच ठेवले आणि उरलेले आठ हप्ते, म्हणजे २४ लाख, भरले, तर या पैशावर सव्वासहा टक्क्यांच्या आसपास सुटतात. म्हणजे बुडालेले बाजूला ठेवूनही योजना कर्जाच्या दराच्या जवळपास येत नाही.

तेच वर्षाचे ३ लाख, महिन्याला २५ हजार, कर्जाच्या हप्त्यात मिसळा. ४८ चे ७३ हजार होतात आणि दहा वर्षांचं कर्ज सव्वापाच वर्षांत संपतं. नुसत्या व्याजात १२ लाख वाचतात. कर्ज संपल्यावर सुटलेला हप्ता, आणि आठ वर्षं पुरी होईपर्यंत हे २५ हजारही, बाजूला टाकत राहिलात तर दहाव्या वर्षाअखेर एक पैसा व्याज न धरता ३६ लाख जमतात. साध्या मुदतठेवीत टाकलेत तर तेराव्या वर्षी पन्नास लाखांच्या घरात. पॉलिसीचे ४८ येणार तेही तेव्हाच. मधल्या काळात तुमच्या डोक्यावर कर्ज नाही, हे वेगळंच.

रुपयाच्या घसरणीवर भरवसा ठेवणाऱ्यांची पत्रं मला परदेशातून नेहमी येतात. २०१५ मध्ये युरो सत्तरीच्या आसपास होता, आता शंभरीच्या. वर्षाला साडेतीन टक्के. साडेअकरातून साडेतीन वजा केले तरी युरोत तुम्ही आठ टक्के भरताच आहात. आणि रुपया खरंच घसरणार असेल, तर तेरा वर्षांनी मिळणारे ४८ लाखही रुपयेच असतील! एकाच घसरणीने कर्ज हलकं होतं आणि पॉलिसी भरभक्कम राहते, असा हिशेब मांडू नका. त्यात जर्मनीत राहणाऱ्याला जगभरातल्या उत्पन्नावर कर असतो. पॉलिसीचे पैसे भारतात करमुक्त म्हणून तिथेही करमुक्त, असं गृहीत धरू नका.

विमा कंपनीला मेल करून सरेंडर मूल्य आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी मागवा. आकडे आले की ठरवा, पण तिसरा हप्ता भरायचा नाही हे आजच ठरलं. कर्जाचा दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. मात्र तुमच्याकडे शिल्लक असलेले ३,००० युरो लगेच कर्जात ओतू नका. जर्मनीत बेकारभत्त्यासाठी गेल्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरलेली असावी लागते, तुमचे आठच झालेत. चार महिने तो पैसा हाताशी राहू दे. प्रोबेशन संपलं असेल तर तिथल्या बँकेत युरोमधल्या कर्जाचा दर विचारा. सात-आठ टक्क्यांत मिळालं तर पगारही युरोत आणि हप्ताही युरोत, त्यातून भारतातलं कर्ज फेडून टाका. आणि पुण्यातलं जुनं बचत खातं अजून साधंच असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्या, तो नियम आहे.

एसआयपी? कर्ज फिटल्यावर.

बाबांशी तुम्हालाच बोलावं लागेल. मित्राला वाईट वाटेल म्हणून ते गप्प बसतील. मित्र घरी येऊन ‘आता तोडलीत तर नुकसान, पाच वर्षं तरी थांबा’ म्हणेल. त्याला इतकंच सांगा, की पाच वर्षं थांबल्याने कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त काय मिळेल ते आकड्यांत, सही करून लिहून दे. तसा कागद त्याने दिलाच तर मला जरूर पाठवा.