उघडा कोन फिल्टर घेण्याआधी

भाऊ, रोजच्या गाडीला बोनेटखाली उघडा कोन फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा, डब्याविना बसणारा शंकूसारखा फिल्टर, लावू नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्यात हा फिल्टर इंजिनजवळचीच तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते; आवाज वाढतो, ताकद घटते. बंपरमागे खाली उतरणारा पाइप थंड हवा देतो खरा, पण रपट्यावरच्या पाण्यात फिल्टर बुडाला की पाणी थेट सिलिंडरमध्ये. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च विचारूच नको.

कंपनीचा बंद डबाच ठेव, आत चांगला कोरडा पॅनेल (चपटा) फिल्टर टाक. तेल लावून वापरायचा घेतलास तर धुऊन सावलीत पूर्ण सुकव अन् तेल बेतानंच लाव; जास्तीचं तेल एमएएफ सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारेवर बसतं, रीडिंग चुकतं. पंक्चरवाल्याकडच्या कंप्रेसरनं फिल्टर फुंकू नको, जाळी फाटते.

फिल्टर अन् नळीचं पूर्ण किटच हवं असेल तर सेन्सरच्या नळीचा आतला व्यास मूळ नळीएवढाच आहे का, ते मोजून घे. नळी रुंद असली तर सेन्सर हवा कमी मोजतो. बसवल्यावर क्लॅम्प तपास. सेन्सर अन् इंजिनच्या मध्ये गळती असली तर बिनमोजलेली हवा शिरते, पी०१७१ कोड (हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय, असा गाडीच्या संगणकाचा इशारा) येतो.