वर्ल्डकॉनला जाऊन पैसे वसूल होतात का?

तुम्ही पुण्याहून विचारलंय की वर्ल्डकॉनच्या, म्हणजे विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या जागतिक संमेलनाच्या, तिकिटाचे पैसे वसूल होतात का, मोठे लेखक भेटतात का आणि फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी हौसेनं काढलेला अंक, अजून कोणी काढतं का. ‘पैसे वसूल’ वाचलं आणि आमचे भावोजी आठवले, म्हणून लिहायला बसले.

वर्ल्डकॉनला तिकीट नसतं, सदस्यत्व असतं. भरवणारे सगळे बिनपगारी आणि तेही आधी पैसे भरून सदस्य होतात. ह्यूगो हे विज्ञानकथेचं मानाचं पारितोषिक कोणाला द्यायचं, पुढचं वर्ल्डकॉन कुठल्या गावी, हे सदस्यांच्या मतांवर ठरतं. तुम्ही प्रेक्षक म्हणून जाणार असाल तर जाऊच नका, सरळ सांगते.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये लंडनला एक्सेल या प्रदर्शन केंद्रात वर्ल्डकॉन झालं. दहा हजारांवर सदस्य होते. मी रजा टाकून गोफर झाले होते. गोफर म्हणजे सांगकाम्या: खुर्च्या लावा, रांगा आवरा, दारावर बिल्ले तपासा. भावोजी हॅरोला राहतात, ते एका दिवसापुरते आले. त्यांच्या डोक्यात कॉमिककॉन, म्हणजे नट रांगेत बसलेत, पैसे मोजा आणि फोटो काढा. इथे सहीसाठी तासभर उभं राहायचं म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. तेवढ्यात मी खुर्च्या उचलताना दिसले. “वहिनी, रजा घालवून फुकटची हमाली? देतात काय?” ब्रिटनमधल्या कॉन्सना गोफरला ग्रोट नावाची कागदी कुपनं मिळतात, ती दाखवली. झालं! पुढची कित्येक वर्षं मंडळाच्या गणपतीत हा किस्सा रंगवून सांगितला गेला. दर वेळी मोदक वाढायला मीच.

त्या किश्शात ते एक गोष्ट गाळतात. संध्याकाळी बारमध्ये शेजारच्या आजोबांनी माझ्या हातात एक पिन मारलेला अंक ठेवला. किंमत विचारली तर म्हणाले, “द युज्वल.” फॅनझिनवाल्यांचा हा जुना रिवाज आहे. अंक हवा तर अभिप्रायाचं पत्र पाठवा, लेख किंवा चित्र द्या, नाहीतर तुमचं फॅनझिन बदल्यात द्या. “म्हणजे फुकटच!” भावोजी म्हणाले.

अंकात कृष्णविवरांवरच्या कथांचा एक लेख होता. भारताचं नावही नाही. मी पत्र लिहिलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार फ्रेड हॉयलचे विद्यार्थी जयंत नारळीकर, त्यांनी ‘कृष्णविवर’ ही मराठी कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि जिंकली, असं सगळं. पुढच्या अंकात पत्र अख्खं छापून आलं. त्यावर मेलबर्नच्या एका वाचकानं मला खोडून काढलं, मी त्याला खोडलं, आणि संपादकांनी शेवटी वैतागून “आता लेखच लिहा” म्हणून कळवलं. लिहिला. मोबदला म्हणून आला पुढचा अंक. मराठी विज्ञानकथेबद्दल इतके खोचक प्रश्न मला आपल्या मंडळात आजतागायत कोणी विचारलेले नाहीत. तिथे विचारतात, “अजून वाचता का हो तसलं?”

मुळात हा पंथ पत्रांतूनच निघाला. १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू झालं, त्यात वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापत. वाचक एकमेकांना लिहू लागले, आणि १९३० मध्ये शिकागोत ‘द कॉमेट’ निघालं; ते पहिलं फॅनझिन मानतात. पुढे बरीचशी फॅनझिनं निघाली ती आपल्या शाळेच्या प्रश्नपत्रिकांसारखी, सायक्लोस्टाइलवर. भांडणंही तेव्हापासूनचीच. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्याच वर्ल्डकॉनला सहा जणांना दारातून परत पाठवलं. त्यातला एक फ्रेडरिक पोल. तो पुढे नामवंत लेखक-संपादक झाला, आणि २०१० मध्ये नव्वदीत असताना त्याला ह्यूगो मिळालं ते ‘फॅन रायटर’ म्हणून, ब्लॉगवरच्या लेखनासाठी. भावोजींच्या हिशेबात हाही हमालच.

लेखक भेटतात. काफेक्लाच नावाचा प्रकार असतो, आधी नाव नोंदवायचं आणि दहाएक जणांनी एका टेबलाशी लेखकासोबत कॉफी पीत बसायचं. पण बारमध्ये जास्त भेटतात.

फॅनझिनं निघतात, आता बहुतेक पीडीएफ. ईफॅनझिन्स डॉट कॉमवर ढिगानं फुकट आहेत. विमानाचं तिकीट बघण्याआधी त्यातली चार वाचा आणि एकाला पत्र लिहा. “अंक छान आहे” असलं नको, कुठे पटलं नाही ते लिहा. पुण्यात बसून मतदानापुरतं सदस्यत्वही घेता येतं, साधारण ५० डॉलरच्या आसपास. आणि मित्र असतील तर आठ पानांचं मराठी फॅनझिन काढाच. मराठीत विज्ञानकथेच्या स्पर्धा आहेत, दिवाळी अंक आहेत, पण वाचकांनी वाचकांशी कडकडून भांडायची जागा मला तरी दिसलेली नाही.

हो, हे राहिलंच: व्हिसा आणि हॉटेल धरून खर्च अवाढव्य होतो. फॅनझिनवाले बहुतेक साठीपुढचे आणि गोरे. पहिला दिवस एकटं वाटू शकतं. घरी येताना सर्दी-खोकला हमखास बरोबर येतो. आणि फक्त सह्या आणि फोटो हवे असतील तर मुंबईचं कॉमिककॉन स्वस्त पडेल. भावोजीही तेच सांगतील.