जांघेतली दुखरी गाठ: आधी पाऊल बघा

प्रश्न : वय ४८, भातशेती करतो. लावणी आटोपून चार दिवस झाले. परवा उजव्या जांघेत अचानक सुपारीएवढी गाठ हाताला लागली. चालताना ठणकते, रात्री कणकण होती. घरचे म्हणतात अवधाण आहे, बिब्बा लावा. मला हर्नियाची धास्ती वाटते. दाखवू कोणाला?

उत्तर : घरच्यांचं निदान बरोबर असू शकतं, उपाय मात्र चुकीचा. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, मग मूळची सूज कुठली नि भाजल्याची कुठली हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं.

गाठ चाचपत बसण्याआधी उजवं पाऊल उजेडात धरा. बोटांच्या बेचक्या फाकवून पाहा. लावणीत चिखल्यांनी तिथली कातडी पांढरी पडून चिरते; टाचेच्या भेगेत किंवा नखाच्या कडेला काटाही राहून जातो. तिथून शिरलेले जंतू जांघेतल्या लसीका ग्रंथींत अडतात आणि ग्रंथी सुजते. हेच अवधाण. जखम तिळाएवढी, गाठ सुपारीएवढी, म्हणून लोक गाठच शेकत राहतात. पाय स्वच्छ असेल तर कुल्ला, गुदद्वार, जननेंद्रिय तपासा. तिथे व्रण असेल तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

आता हर्निया, म्हणजे अंतर्गळ. उताणे झोपा. आडवं झाल्यावर आत जाणारी, उभं राहून खोकलं की बोटाला धक्का देणारी गाठ बहुधा त्याचीच. ती आत जाईनाशी झाली, टणक होऊन दुखू लागली, त्यात उलट्या, पोटफुगी, वारा न सरणं सुरू झालं, तर आतडं अडकलंय असं धरून चाला. रक्तपुरवठा तुटला की ते काही तासांत सडतं. गाठ ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

तुमची गाठ आडवं झाल्यावरही तशीच राहत असेल तर उलट्या नसल्या तरी आजच जनरल सर्जनला दाखवा. मांडीच्या मुळाशी होणारा छोटा हर्निया अवधाणासारखाच दिसतो. शंका असली तर ते सोनोग्राफी सांगतील. साखर तपासून घ्या, काटा रुतला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. पायावर लाली असेल तर तिच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली की पसरतेय हे नक्की. गाठीत पू झाला असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, चिरा द्यावा लागतो. मात्र गाठ नाडीसारखी उडत असेल, विशेषतः जांघेतून अँजिओग्राफी झाली असेल, तर चिरा देऊ देऊ नका. ती रक्तवाहिनीची असू शकते.

पाय बरा झाला की अवधाण साधारण २ ते ३ आठवड्यांत उतरतं, वाटाण्याएवढा गोळा मागे राहिला तरी चालतो. ४ आठवड्यांनंतरही गाठ तेवढीच असेल किंवा वाढत असेल तर सुईची तपासणी (बारीक सुईने गाठीतला नमुना काढून तपासणं) करावी लागते.

प्रश्न : काखेतले केस काढले की काखमांजरी होते. फोडू का?

उत्तर : नको. कोमट पाण्याच्या फडक्याने दिवसातून ३-४ वेळा, १० ते १५ मिनिटं शेका. रेझर आणि डिओ थांबवा. ताप आला किंवा २ दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. त्याच जागी पुन्हापुन्हा होऊन वण, छिद्रं राहत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो वेगळा, दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो.