रजा संपायच्या आत बोलायला हवं

सातारा जिल्ह्यातल्या एका बहिणीचं पत्र आलंय. नवरा लष्करात नाईक, नोकरीला तेरा वर्षं झालेली. उंचावरच्या पोस्टवरून खाली आल्यावर मोबाइलवर रमी सुरू झाली, पुढे क्रिकेटवर पैसे लागायला लागले. आता अकरा लाखांचं देणं आहे. बँकेचं पर्सनल लोन, दोन लोन अ‍ॅप, सोबतच्या जवानांकडून हातउसने, शिवाय हिचं गंठण गहाण. रजेचे बारा दिवस उरलेत. सासरे रानाचा तुकडा विकून सगळं फेडायला निघालेत. ती लिहिते, "हे म्हणतात, युनिटला कळलं तर नोकरी जाईल. कुणाला बोललीस तर जिवाचं बरंवाईट करून घेईन. ताई, मी गप्प बसू का?"

नको गं, गप्प बसू नकोस.

पत्रातलं जिवाचं वाक्य तू मध्येच, घाईघाईनं लिहिलंयस. मी तिथंच थांबले. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात मरणाचे विचार येतात, आणि तुझा नवरा ड्युटीवर गेला की त्याच्या हातात रायफल असते. म्हणून अकरा लाखांचं नंतर बघू. आज रात्री पोरं झोपल्यावर त्यांना सरळ विचार, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट कोंडलेला माणूस बोलता होतो. "हो" म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नकोस आणि लगेच दवाखाना गाठ. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या डिसेंबरात खास सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी याच सेवेचा कक्ष उघडला. म्हणजे अशी घरं पुष्कळ आहेत, तू एकटी नाहीस.

जुगार हे व्यसन आहे, दारूसारखंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर बोलून-बोलून विचारांची सवय मोडतात, गरज पडली तर औषधंही देतात. जवानाला हे लागायला वेळ लागत नाही. महिनोन्‌महिने पोस्टवर पगार खर्चच होत नाही, खाली आलं की रेंज असते, हातात साठलेले पैसे असतात, आणि इतके दिवस ताणलेल्या जिवाला साधा दिवस बेचव लागतो. मग हरलेलं परत मिळवायच्या नादात आणखी हरणं सुरू होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे त्यांना सांग. पण नुसत्या बंदीनं ओढ जात नाही. तू लिहिलंयस ना, रमी बंद झाल्यावर त्यांनी कुणाकडून तरी सट्ट्याच्या खात्याचा 'आयडी' घेतला?

आता युनिटचं. तू परस्पर साहेबांना फोन करण्याआधी नवऱ्याला स्वतः बोलू दे. रजेतही ते लष्करी रुग्णालयात दाखवू शकतात. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. तू सोबत जा. खोटा धीर देणार नाही, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येत बघून लष्कर देतं ती श्रेणी, काही काळ खाली येऊ शकते, प्रमोशन लांबू शकतं. पण लपवालपवीत उद्या मेसच्या किंवा कँटीनच्या पैशाला हात लागला, तर ते आजारपण राहत नाही, गुन्हा होतो. ज्या नोकरीसाठी तोंड बंद ठेवायचं, ती खरी तिथं जाते. ते बोललेच नाहीत आणि तुला धोका दिसला, तर मात्र रजा संपायच्या आत तूच कळव. त्यांचा राग सोस.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांग आणि रान विकू देऊ नकोस. त्यांची माया कळते मला. पण उपचाराआधी सगळं देणं एकदम फिटलं, तर तुझ्या नवऱ्याच्या लेखी पाटी कोरी होते आणि पुन्हा डाव मांडता येतो. आधी खरा आकडा काढा. सिबिल रिपोर्टमध्ये बँकांची कर्जं दिसतील, सोबत्यांचे हातउसने दिसणार नाहीत. ते नवऱ्याला स्वतः वहीत लिहू दे, नावानिशी. बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून मागा. पगाराच्या खात्याचं यूपीआय त्यांच्याच संमतीनं मोबाइलवरून काढा आणि खर्चापुरते पैसे तू देत जा. लोन अ‍ॅपवाले नातेवाइकांना फोन करून धमकावत असतील, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार कर.

हे वाचणारे सुभेदार साहेब, अधिकारी कुणी असतील, त्यांनाही हात जोडून सांगते. अमेरिकेत २०१८ च्या एका कायद्यानं सैनिकांच्या नियमित आरोग्य तपासणीत जुगाराबद्दल विचारणं सक्तीचं केलं. आपल्याकडे सैनिक संमेलनात दारूविषयी बोलता तसं याविषयीही बोला. एखादा पोरगा महिन्याच्या दहा तारखेलाच उसने मागत फिरतो, तेव्हा त्याला रागवण्याआधी बाजूला बसवून विचारा.

आणि तू, बाई. गंठण गेल्याचं तू शेवटच्या ओळीत, माफी मागितल्यासारखं लिहिलंयस. त्यात तुझा काही दोष नाही. १४४१६ वर तूही बोलू शकतेस, स्वतःसाठी. पुण्याला जाऊन आलात की मला लिही, मी वाट बघते.

तुझी ताई