क्वेकर पणजोबा, खाकी गणवेश आणि दोन पदकं

ताई, तुमचा पेच थोडक्यात असा: यजमानांचे पणजोबा बर्मिंगहॅमचे, घराणं पिढ्यान्‌पिढ्या क्वेकर. क्वेकर, म्हणजे 'फ्रेंड्स', हा शस्त्र न धरण्याची शिकवण देणारा एक ख्रिस्ती पंथ. सासूबाई ठामपणे सांगतात की पहिल्या महायुद्धात त्यांनी बंदूक धरायला साफ नकार दिला. चुलत सासरे म्हणतात, ते तुरुंगात होते. आणि आता जुन्या ट्रंकेतून निघाली ब्रिटिश सरकारची दोन पदकं आणि खाकी गणवेशातला फोटो. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही खरं असू शकतं, आणि तेही एकाच माणसाच्या बाबतीत. कॉर्डर कॅचपूल नावाचे एक क्वेकर इंजिनिअर होते. १९१४ साली ते क्वेकरांच्या अँब्युलन्स पथकातून जखमींची सेवा करायला फ्रान्समधल्या डंकर्कला गेले, त्याबद्दल त्यांना पदक मिळालं. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आली तेव्हा त्यांनी ते काम सोडलं, परत आले, लष्करात जायला नकार दिला, कोर्ट मार्शल झालं आणि १९१९ पर्यंत तुरुंगात राहिले. म्हणजे पदक आहे, गणवेश आहे, तुरुंगही आहे, आणि माणसाने गोळी एकही झाडलेली नाही.

उलटंही घडलं. कॅडबरी चॉकलेटवाले क्वेकरच. जॉर्ज कॅडबरींचा एक मुलगा लॉरेन्स अँब्युलन्स पथकात गेला. दुसरा, एग्बर्ट, नौदलाच्या हवाई दलात वैमानिक झाला आणि त्याने जर्मनांची झेपेलिन, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजं, पाडली: १९१६ मध्ये एल-२१ पाडण्यात त्याचा हात होता आणि ऑगस्ट १९१८ मध्ये एल-७० पाडण्यातही. एकाच घरातले सख्खे भाऊ! लढण्याच्या वयाच्या ब्रिटिश क्वेकर पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश सैन्यात भरती झाले होते. १६६० सालापासूनची 'आम्ही शस्त्र घेणार नाही' ही जाहीर भूमिका असूनही. तेव्हा 'क्वेकर होते म्हणजे लढलेच नसणार' हे गृहीतक आधी बाजूला ठेवा. वंशावळीच्या साइटवर लोक याच गृहीतकावर बिनधास्त 'युद्धविरोधी कैदी' असं लिहून टाकतात आणि मग ते पन्नास वंशवृक्षांवर कॉपी होतं.

आता शोध. बहुतेक जण सैन्याच्या कागदांपासून सुरुवात करतात. माझं मत उलटं आहे: आधी ते स्वतः क्वेकर पंथाचे सदस्य होते का, हे बघा. इंग्लंडच्या तेव्हाच्या जनगणनेत धर्म विचारतच नसत (आयर्लंडमध्ये विचारत), त्यामुळे १९११ चा कागद यात काही कामाचा नाही. क्वेकरांचं सगळं दप्तर 'मंथली मीटिंग' या पातळीवर असे. दर महिन्याला भरणारी त्या भागातली बैठक, तिची इतिवृत्तं आणि सदस्यांच्या याद्या. आई-वडील दोघेही सदस्य असतील तर मूल जन्मतःच सदस्य. कोणी गाव बदललं तर जुनी बैठक नव्या बैठकीला दाखला पाठवायची. या इतिवृत्तांत १९१४ ते १९१९ ची पानं शांतपणे वाचा: कोण भरती झालं, कोण भरतीतून सूट मागायला लवादापुढे उभं राहिलं, कोणाला तुरुंगात भेटायला कुणाला पाठवायचं, हे तिथे येतं. ही दप्तरं बहुधा त्या त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात ठेवलेली असतात. तुमची मंडळी बर्मिंगहॅमची, म्हणजे शहराच्या मुख्य लायब्ररीतल्या अभिलेख विभागापासून सुरुवात करा.

एक सावधगिरी. क्वेकर घराण्यांत तीच तीच नावं फिरत राहतात, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं. एकाच वेळी एकाच शहरात एकाच नावाचे तीन चुलत भाऊ सहज सापडतात. म्हणून जन्मतारीख हाताशी ठेवूनच पुढे जा. तारखाही सरळ नसतात: वार आणि महिने आकड्यांनी लिहायची त्यांची पद्धत. 'पहिला दिवस' म्हणजे रविवार, 'पाचवा महिना' म्हणजे मे. १७५२ च्या आधीच्या नोंदींत मात्र पहिला महिना मार्च धरतात, म्हणजे 'पाचवा' हा जुलै होतो. तुम्ही मागे मागे जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

मग फ्रेंड्स अँब्युलन्स युनिट, म्हणजे वर आलेलं तेच अँब्युलन्स पथक. माझा अंदाज तुमच्या फोटोचं उत्तर इथे आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये बकिंगहॅमशरमधल्या जॉर्डन्स इथे प्रशिक्षणाचं शिबिर भरलं, आणि ऑक्टोबर संपता संपता पहिली तुकडी डंकर्कला रवाना झाली. नंतर रुग्णवाहिकांचे ताफे, हॉस्पिटल ट्रेन, हॉस्पिटलची जहाजं, असा पसारा वाढला. रेड क्रॉस आणि सेंट जॉन या मदतसंस्थांच्या छत्राखाली हे काम चाले, म्हणून खाकी गणवेश, म्हणून रेड क्रॉसची पट्टी, आणि म्हणूनच पदकंही. परदेशी सेवा केलेल्यांना 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि 'व्हिक्टरी मेडल' मिळाली. फ्रेंच सैन्याबरोबर काम करणाऱ्या काहींना 'क्रॉय द गेर' हे फ्रेंच शौर्यपदकसुद्धा.

या पथकातल्या लोकांची सेवा-कार्डं लंडनच्या फ्रेंड्स हाउसमधल्या लायब्ररीने स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत, फुकट. युस्टन स्टेशनच्या अगदी समोर ही इमारत. कार्ड छोटंसं असतं, पण ते सावकाश वाचायचं. नाव-पत्ता, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि मधे संक्षेपांची रांग. 'एस.एस.ए. १३', '१४' किंवा '१९' दिसलं तर तो फ्रेंच सैन्याला जोडलेला रुग्णवाहिकांचा ताफा, 'ए.टी. १६' म्हणजे सोळा नंबरची हॉस्पिटल ट्रेन. सगळ्यात बोलकी असते सोडल्याची तारीख. १९१९ असेल तर शेवटपर्यंत राहिले. १९१६ च्या मध्यात असेल तर थांबा, तिथे गोष्ट आहे: एक तर कॅचपूलसारखे तुरुंगाच्या वाटेने गेले, नाहीतर एखाद्या पलटणीत भरती झाले. आणि हो, या पथकात क्वेकर नसलेलेही पुष्कळ होते, तेव्हा कार्ड सापडलं एवढ्याने क्वेकर असल्याचा पुरावा होत नाही.

पदकांच्या कडेवर भिंगातून बघा. तिथे नाव कोरलेलं असतं, आणि त्यापुढे पलटण किंवा संस्थेची अक्षरं असतील तर निम्मं काम झालं. ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या (सरकारी अभिलेखागाराच्या) 'डब्ल्यूओ ३७२' या मालिकेत पदकांची कार्डं आहेत, ती जुळवून घ्या. कडेवर पलटणीचं नाव आणि नंबर निघाला तर सैनिक म्हणून शोध घ्यावा लागेल, आणि तिथे मन घट्ट करा: साध्या सैनिकांच्या सेवा-फायलींपैकी बऱ्याचशा सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या.

तुरुंगाच्या बाजूने शोधायचं तर कायदा आधी समजून घ्या. मार्च १९१६ पासून अविवाहित पुरुषांना भरती सक्तीची झाली, मे महिन्यात कायदा वाढवून विवाहितांनाही. सद्सद्विवेकाच्या कारणावरून सूट मागणाऱ्याला स्थानिक लवादापुढे उभं राहावं लागे. काहींना 'अँब्युलन्स युनिटमध्ये राहशील तोवर सूट' अशी अट मिळाली, काहींना शेतीचं वगैरे काम, काहींना बिनशस्त्र लष्करी पथक. ज्यांनी सगळंच नाकारलं त्यांना लष्कर पकडून न्यायचं, कोर्ट मार्शल व्हायचं, सक्तमजुरी व्हायची, सुटले की पुन्हा तेच. लवादांचे कागद युद्धानंतर सरकारनेच नष्ट करायला लावले; मिडलसेक्सच्या अपील लवादाचे ('एमएच ४७') आणि स्कॉटलंडमधले काही मुद्दाम राखले. बर्मिंगहॅमसाठी त्यांचा उपयोग नाही. पण स्थानिक वर्तमानपत्रं लवादाच्या सुनावण्या चवीने छापत, टोमण्यांसकट. १९१६ चा मार्च ते जुलै हा काळ आधी चाळा. शिवाय सिरिल पिअर्स या इतिहासकाराने सद्सद्विवेकी विरोधकांची नावनिशीवार मोठी नोंदवही तयार केली आहे, ती ऑनलाइन बघता येते. तुमच्या चुलत सासऱ्यांचं म्हणणं तिथे पाच मिनिटांत तपासून होईल.

पणजोबांच्या नादात पणजीला विसरू नका. क्वेकर बायका परिचारिका म्हणून आणि युद्धपीडितांच्या मदत समितीतून फ्रान्सला, रशियाला गेल्या. त्या समितीचं चिन्ह आठ टोकांचा, लाल-काळा तारा. ट्रंकेत तसलं काही कापड असेल तर टाकू नका.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, दुसऱ्या महायुद्धात 'कलकत्त्याला होते' म्हणून सांगतात त्या धाकट्या आजोबांचा. यात अशक्य काही नाही. अँब्युलन्स युनिट १९३९ मध्ये पुन्हा उभं राहिलं, आणि १९४२ मध्ये होरेस अलेक्झांडर यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी बंगालमध्ये आली. त्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला मोठं चक्रीवादळ झालं, पुढच्या वर्षी दुष्काळ. त्यांचं मदतकार्य तिथे होतं. चीनला औषधं पोचवणारी वेगळी तुकडीही होती, तेव्हा 'कलकत्ता' हा नुसता वाटेतला मुक्कामही असू शकतो. या काळाचे कागदही फ्रेंड्स हाउसमध्येच आहेत. लायब्ररीला ईमेल करताना पूर्ण नाव, जन्मसाल, बैठकीचं गाव आणि शाळा माहीत असेल तर शाळा, एवढं लिहा. यॉर्कच्या बूथमसारख्या क्वेकर शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या छापील याद्यांत युद्धातल्या कामाचा एकेक ओळीचा उल्लेख सापडतो, आणि कित्येकदा बाकी सगळं जुळवायला तीच ओळ पुरते.