‘जे’ची फरशी कुणी बसवली?

प्रश्न : ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’ (1989) हा सिनेमा पुन्हा पाहिला. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी वापरलेला प्याला, म्हणजे ‘होली ग्रेल’, 1938 मध्ये नायक आणि नाझी दोघंही शोधत असतात. प्याल्यापर्यंत पोचायला गुहेत तीन परीक्षा आहेत : मान उडवणारी पाती, अक्षरं कोरलेल्या फरश्या आणि न दिसणारा पूल. प्याल्याचा चमत्कार सोडून देऊ. पण या तिन्हींतलं काय शक्य आहे?

उत्तर : सगळ्यात अशक्य वाटणारा पूल बराचसा पटतो, आणि प्रेक्षक बिनतक्रार मान डोलावतो ती अक्षरांची परीक्षा सपशेल कोसळते.

आधी पाती. सापळा उडायला साठवलेली ताकद लागते, आणि त्या काळात ती म्हणजे टांगलेलं वजन. 50 किलोचा दगड 2 मीटर खाली आला की साधारण 1000 ज्यूल मिळतात. एका फटक्याला ते पुष्कळ झाले. पण मग दगड जमिनीवर पडून राहतो. सिनेमात एकामागून एक मुंडकी उडतात, म्हणजे दर वेळी कुणीतरी दगड परत वर चढवायला हवा. आत आहे तो एकटा, प्याला राखणारा, सातशेहून अधिक वर्षांचा म्हातारा सरदार! शिवाय दोर तागाचा असो की चामड्याचा, कायम ताणलेला राहिला तर इतकी शतकं टिकत नाही.

आता फरश्या. कोडं असं : देवाच्या नावाच्या अक्षरांवरच पाय ठेवायचा. नायक ‘जेहोवा’ म्हणून ‘जे’वर पाय देतो, फरशी फुटते, आणि मग त्याला आठवतं की लॅटिनमध्ये हे नाव ‘आय’ने सुरू होतं. टाळ्या! पण कथेत प्याला शोधून राखणारे तिघे सरदार (म्हातारा त्यांच्यातलाच) पहिल्या क्रुसेडचे, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धातले, 1095 ते 1099 या काळातले. तेव्हा ‘जे’ हे वेगळं अक्षरच नव्हतं. ते ‘आय’चं शेपूट लांबवलेलं रूप होतं. दोघांना वेगळी अक्षरं मानावं, अशी मांडणी इटलीच्या त्रिस्सिनो या लेखकाने केली ती 1524 मध्ये. चारशे वर्षांनी वेगळ्या होणाऱ्या अक्षराची फसवी फरशी आधीच कुणी बसवून ठेवली?

नावाचीही तीच गत. हिब्रूत देवाचं नाव चार व्यंजनांचं. ते उच्चारायचं नाही म्हणून वाचताना ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, म्हणत. त्या शब्दाचे स्वर या चार व्यंजनांना जोडून ‘यहोवा’ तयार झालं, आणि ते युरोपात रुळलं बऱ्याच नंतर. क्रुसेडच्या काळातला माणूस संत जेरोमने भाषांतर केलेलं लॅटिन बायबल ऐकायचा. त्यात त्या जागी बहुतेक सगळीकडे ‘डोमिनुस’ (लॅटिनमध्ये ‘प्रभू’) आहे, आणि निर्गम 6:3 मध्ये ‘अदोनाय’. आजच्या मराठी बायबलात ‘परमेश्वर’ येतं, ते याच चालीवर. त्या काळाला धरून कोडं रचायचं तर फरश्यांवर ‘डोमिनुस’ हवं होतं. कोडं जास्त अवघड झालं असतं, आणि खरंही.

पूल मात्र चांगला सुचलाय. समोरच्या कड्याची रेघ न् रेघ पुलावर अशी रंगवायची की एका ठरावीक जागेवरून पूल आणि कडा एकच दिसावेत. रोममधल्या सांत इन्यात्सियो चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सो या चित्रकाराने सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला आहे. तो कुठून पाहायचा, ती जागा दाखवायला जमिनीत संगमरवरी चकती बसवली आहे. चकतीवरून हललात की घुमट वाकडा होतो. पुलाची अडचण तीच. त्याचं टोक पायाशीच, डोळ्यांपासून फार तर दीड-दोन मीटरवर. एवढ्या अंतरावर दोन डोळ्यांत साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असलं, तरी तेवढ्याने खोली कळते. मान जरा डावी-उजवी केली की बिंग फुटतं. त्यामुळे अंधूक उजेड आणि एक डोळा मिटलेला माणूस हवा. नायक पलीकडे पोचल्यावर मूठभर माती पुलावर फेकतो. ती आधीच फेकायची होती.

प्रश्न : नाझी खरंच ग्रेलच्या मागे होते का?

उत्तर : काही जण होते. ओटो राह्न या जर्मन लेखकाने 1933 मध्ये ग्रेलचा संबंध दक्षिण फ्रान्समधल्या मोंसेग्युरच्या किल्ल्याशी जोडणारं पुस्तक लिहिलं. पुढे तो एसएस या नाझींच्या निमलष्करी दलात गेला. एसएसचा प्रमुख हिमलर ऑक्टोबर 1940 मध्ये स्पेनमधल्या मोन्सेरातच्या मठात गेला होता. कथेतला हा भाग बऱ्यापैकी भक्कम आहे.

जागांचं तसं नाही. गुहेचं दार म्हणून दिसतो तो जॉर्डनमधल्या पेत्रा या प्राचीन शहराचा, कड्यात कोरलेला ‘खजिना’. कथेत ही गुहा हतायमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण टोकाला आहे; तिथून तो सुमारे 700 किलोमीटर दक्षिणेला. आत फक्त कोरलेल्या रिकाम्या खोल्या आहेत. हताय सप्टेंबर 1938 मध्ये प्रजासत्ताक झालं. तिथे राष्ट्राध्यक्ष होता, सिनेमातल्यासारखा सुलतान नव्हता. सिनेमातली व्हेनिसखालची भुयारं तर विसराच. शहर चिखलातल्या लाकडी खुंटांवर उभं आहे, आणि सान झकारिया चर्चच्या तळघरातसुद्धा पाणी साचलेलं असतं.

प्रश्न : याच विषयावर एकांकिका करतोय. प्याला कसा दाखवावा? सिनेमात ‘सुताराचा प्याला’ म्हणून साधा, मातकट निवडतात.

उत्तर : साधा खरा, पण आतून सोनेरी! तिथेच घोळ होतो.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, नुसता ‘प्याला’ आहे, वर्णन नाही. ‘ग्रेल’ ही कल्पना फार नंतरची. बाराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच कवी क्रेतियँ द त्र्वाच्या काव्यात ते पसरट ताट आहे. त्याचा शेवटच्या भोजनाशी संबंध 1200 च्या सुमारास रोबेर द बोरोंने लावला. पुढे दावेदार वाढले. जेनोआतलं हिरवं पात्र पाचूचं म्हणून जपलं होतं; नेपोलियनच्या लोकांनी ते पॅरिसला नेलं, तिथून तुटून परत आलं आणि काचेचं निघालं. व्हॅलेन्सियाच्या चर्चमधला अकीकाचा प्याला त्यातल्या त्यात गंभीर दावेदार. वरची वाटी जुनी असावी. सोन्याची दांडी आणि बैठक मध्ययुगातली.

एकांकिकेत दगडाचा प्याला दाखवा. येशूच्या काळच्या जेरुसलेममध्ये मऊ चुनखडीची भांडी फार चालत. कारण ज्यू धर्मनियमाचं होतं : मातीचं भांडं अशुद्ध झालं तर फोडावं लागे, दगडाला विटाळ लागत नाही. बायबलात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, त्या काना गावच्या लग्नातले सहा रांजणही दगडीच आहेत. उत्खननात सापडणारे हाताने घडवलेले मग जाड काठाचे, कान असलेले, आणि बाहेरून छिन्नीच्या उभ्या पट्ट्या स्पष्ट दिसणारे. प्लास्टरमध्ये ओता, पुरतं वाळण्याआधी पटाशीने वरून खाली तासा, मग फिकट पिवळसर पांढरा रंग द्या. तासलेल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासू नका. आतून काहीच लावू नका.