धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद आहे, शेजारी ऐकत नाही. ख्रिस्ती माणसाने किती नमतं घ्यावं?

बायबलात रोमकरांस पत्र 12:18 मध्ये प्रेषित पौल शांतीने राहायला सांगतो, पण शक्य असेल तर आणि तुमच्याकडून होईल तितकं. म्हणजे शेजाऱ्याच्या रागाचा जाब तुम्हाला नाही. तुमच्या तोंडाचा आणि हाताचा आहे. मत्तय 18:15 तर आधी एकट्याने जाऊन बोला म्हणतं (तिथे विषय विश्वासातल्या भावाचा आहे, पण रीत इथेही चालते). आपल्याकडे उलटंच! आधी पानठेला, मग पोलीस पाटील, आणि ज्याच्याशी भांडण त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करणं पाप नाही. फक्त नोटीस जायच्या आधी त्याच्या वावरात जाऊन स्वतः सांगा. आणि मोजणीत त्याचीच दोन तासं (नांगराच्या ओळी) तुमच्याकडे निघाली, तर सोडायची तयारी ठेवा.